'लुक फॉरवर्ड टू' बिनचूक कसं लिहायचं

"लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू."

नोकरीचा अर्ज असो, कॉलेजला केलेली चौकशी असो की गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशन, शेवटची ओळ बहुधा हीच असते. आणि पुष्कळदा ती अशीच, म्हणजे चुकीची लिहिलेली असते. 'हिअर'च्या जागी 'हिअरिंग' हवं. आपल्याकडे ही चूक इतकी रुळली आहे की बरोबर वाक्यच अनेकांच्या कानाला खटकतं.

मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी पत्रव्यवहार शिकवते. मध्यंतरी डिप्लोमा झालेली एक मुलगी अर्जाचा ईमेल पाठवण्याआधी मला दाखवायला आली. विषयाची ओळ नेमकी, शिक्षण आणि अनुभव मोजक्या शब्दांत, स्पेलिंग सगळी बरोबर. तिने काढून आणलेल्या प्रिंटवर शेवटच्या ओळीतल्या 'हिअर'खाली मी रेघ मारली, तशी ती म्हणाली, "पण मॅडम, 'टू'नंतर व्ही वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप येतं ना? टू गो, टू ईट, टू राइट. शाळेत पाठच करून घेतलंय."

"अगं, नियम बरोबर आहे तुझा. पण हा 'टू' त्यातला नाही."

मग त्या एका 'टू'वर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. नियम मनापासून पाळणाऱ्या मुलांच्या हातून ही चूक होते, आणि त्यांना नुसतं 'इथे आयएनजी लाव' म्हणून सोडून दिलं तर पुढच्या ईमेलमध्ये ती पुन्हा होते. कारण समजलं की हात आपोआप थांबतो.

आधी अर्थ पक्का करा

'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे पुढे व्हायच्या गोष्टीची आनंदाने वाट पाहणं. गोष्ट अजून घडलेली नाही, आणि ती घडावी असं लिहिणाऱ्याला वाटतंय, हे दोन्ही त्यात आलं.

आपलं 'वाट पाहणं' सगळीकडे चालतं. पाहुण्यांची वाट पाहतो, एस.टी.ची पाहतो, रक्ताच्या तपासणीच्या रिपोर्टचीही पाहतो. इंग्रजीत नुसतं थांबून राहणं असेल तर 'वेट फॉर' म्हणतात. "आय अ‍ॅम वेटिंग फॉर द बस." बससाठी कुणी 'लुकिंग फॉरवर्ड' म्हणत नाही.

उलट बाजूनेही गोंधळ होतो. 'आपल्या उत्तराची वाट पाहत आहे' हे मराठीत अगदी अदबीचं वाक्य आहे. तेच उचलून "आय अ‍ॅम वेटिंग फॉर युअर रिप्लाय" असं लिहिलं तर व्याकरण चुकत नाही, पण वाचणाऱ्याला तगादा लावल्यासारखं वाटू शकतं: अजून उत्तर आलं नाही, मी थांबलोय. म्हणून पहिल्याच पत्रात 'वेटिंग' लिहू नका. मराठीतल्या त्या अदबशीर वाट पाहण्याला इंग्रजीत 'लुक फॉरवर्ड टू' हाच जवळचा शब्दप्रयोग आहे.

स्पेलिंगचीही एक गोष्ट इथेच. 'फॉरवर्ड'च्या शेवटी डब्ल्यू-ए-आर-डी येतं, आणि 'फॉर'नंतर ई नाही. ई घालून शेवटी डब्ल्यू-ओ-आर-डी लिहिलंत तर तो वेगळाच शब्द होतो, त्याचा अर्थ पुस्तकाची प्रस्तावना. स्पेलिंग तपासणारा संगणक तिथे लाल रेघ मारेलच असं नाही, कारण तोही खरा शब्द आहे.

'टू' दोन आहेत

इंग्रजीत 'टू' हा एकच शब्द दोन वेगळी कामं करतो.

एक 'टू' क्रियापदाला चिकटलेला असतो. टू गो, टू ईट, टू राइट. मराठीत त्याला वेगळा शब्दच नाही, क्रियापदाचं रूप बदलतं: जायला, खायला, लिहायला. 'आय वॉन्ट टू गो', मला जायचंय. शाळेत पाठ केलेला 'टू अधिक व्ही वन' हा नियम या 'टू'चा.

दुसरा 'टू' म्हणजे आपला 'कडे' किंवा 'ला'. 'शी वेंट टू द स्टेशन', ती स्टेशनकडे गेली. 'गिव्ह इट टू हिम', ते त्याला दे. या 'टू'पुढे नाम किंवा सर्वनाम येतं.

'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' हा दुसरा. आणि तो का दुसरा आहे, हे आपल्याला आपली भाषाच सांगते.

गावाकडे आजी फोनवर म्हणते, "तुझ्या येण्याकडे डोळे लागलेत रे." हे वाक्य जरा जवळून बघा. 'डोळे लागलेत' म्हणजे 'लुकिंग फॉरवर्ड'. 'कडे' म्हणजे 'टू'. आणि 'येणं' म्हणजे 'कमिंग'. 'तुझ्या'साठीसुद्धा इंग्रजीत 'युअर' आहेच. इतक्या दूरच्या दोन भाषांनी एकाच भावनेसाठी इतकी सारखी मांडणी करावी, याचं मला दर वेळी शिकवताना नवल वाटतं.

आता 'कडे' हे शब्दयोगी अव्यय. ते नामाला लागतं: घराकडे, शेताकडे, आईकडे. क्रियापदाच्या धातूला ते थेट लागत नाही. 'तुझ्या ये-कडे डोळे लागलेत' असं आजी कधी म्हणेल का? आपण आधी 'ये' या धातूचं 'येणं' असं नाम करतो, त्याचं सामान्यरूप 'येण्या' होतं, आणि मग त्याला 'कडे' लागतं. व्याकरणाच्या तासाला याला धातुसाधित नाम म्हणतात. इंग्रजी हेच काम आयएनजी लावून करतं. 'हिअर' हा नुसता धातू, 'हिअरिंग' हे त्याचं नाम. म्हणून 'टू हिअरिंग'. 'टू हिअर' लिहिणं म्हणजे इथे 'ये-कडे' लिहिण्यासारखं आहे.

हे सांगितल्यावर त्या मुलीने स्वतःच प्रिंटवर 'इंग' जोडलं. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

लिहिताना तपासायचं कसं

शंका आली की क्रियापद काढून त्या जागी एक साधं नाम ठेवून बघा. मी 'द मीटिंग' ठेवायला सांगते.

"आय लुक फॉरवर्ड टू द मीटिंग." वाक्य पूर्ण झालं, अर्थही लागला. म्हणजे हा 'टू' नामाचा. इथे क्रियापद आणायचं तर ते नाम होऊन, आयएनजी लावूनच येईल.

"आय वॉन्ट टू द मीटिंग." बसत नाही. "आय होप टू द मीटिंग." तेही नाही. "आय अ‍ॅम ईगर टू द मीटिंग." नाहीच. म्हणजे वॉन्ट, होप, ईगर यांच्यापुढचा 'टू' क्रियापदाचा, आणि तिथे शाळेतला नियम चालणार: आय वॉन्ट टू मीट, आय होप टू मीट, आय अ‍ॅम ईगर टू मीट.

आपल्या चुकीचं खरं मूळ माझ्या मते इथे आहे. 'होप टू', 'ईगर टू', 'वुड लव्ह टू' आणि 'लुक फॉरवर्ड टू' यांचे अर्थ शेजारी शेजारी नांदतात, पण पहिले तिघे धातू मागतात आणि चौथा नाम. लिहिताना मनात 'मला आवडेल' असतं आणि हातून 'लुक फॉरवर्ड' उतरतं. मागचा भाग एकाचा, पुढचा दुसऱ्याचा, असं वाक्य तयार होतं.

यातून एक सोपी वाटही निघते. ऐनवेळी आठवलं नाही तर "आय होप टू हिअर फ्रॉम यू सून" लिहा. हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे, नम्र आहे, आणि त्यात 'हिअर'च बरोबर आहे.

मराठीच्या कसोटीवर मात्र सगळा भार टाकू नका. 'मला जाण्याची इच्छा आहे' यातही 'जाण्या' आहे, पण इंग्रजीत ते 'आय विश टू गो'च होतं. मराठी वाक्य कारण समजायला आणि लक्षात ठेवायला घ्या. निकाल 'द मीटिंग'वर लावा.

'हिअरिंग', 'मीटिंग', 'सीइंग' हे हळूहळू अंगवळणी पडतं. अडतं ते 'बी' आणि 'हॅव'पाशी. "आय लुक फॉरवर्ड टू बी अ पार्ट ऑफ युअर टीम" हे वाक्य चांगले शिकलेले लोक लिहितात. तिथे 'बीइंग अ पार्ट' हवं. 'टू हॅव अ डिस्कशन'च्या जागी 'टू हॅविंग अ डिस्कशन' हवं. कानाला जड लागतं, पण नियम तोच. फारच जड वाटलं तर वाक्य बदला: 'टू जॉइनिंग युअर टीम', 'टू अवर डिस्कशन'.

आयएनजी लावताना स्पेलिंगकडे लक्ष असू द्या. हिअर, मीट, जॉइन, वर्क यांना ते सरळ लागतं. राइट, कम, हॅव यांचा शेवटचा ई जातो. गेटमधला टी आणि बिगिनमधला एन दोनदा लिहावा लागतो. 'सी'चे मात्र दोन्ही ई जागच्या जागी राहतात.

'टू'च्या जागी 'फॉर' नको

'लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय.' हे आपल्याकडच्या कोटेशनमध्ये आणि व्यापारी पत्रांत फार दिसतं. 'वेट फॉर'मधला 'फॉर' इथे घुसलेला असतो. शिवाय आपलं मन 'उत्तरासाठी थांबलोय' असा विचार करत असतं, आणि 'साठी' म्हटलं की 'फॉर' आठवतो. पण आजीचं वाक्य पुन्हा आठवा. डोळे येण्याकडे लागलेले असतात.

'टू' गाळून "वी लुक फॉरवर्ड युअर विजिट" असंही लिहू नका. मेसेजमध्ये लोक नुसतं "लुकिंग फॉरवर्ड!" लिहून सोडतात. मित्राला चालेल. कामाच्या ईमेलमध्ये निदान "लुकिंग फॉरवर्ड टू इट" एवढं तरी पुरं करा.

आय लुक, आय अ‍ॅम लुकिंग, की नुसतं लुकिंग?

तिन्ही बरोबर आहेत, फरक सलगीचा.

"आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू." हे सगळ्यात औपचारिक. अनोळखी माणूस, सरकारी कचेरी, परदेशातल्या विद्यापीठातले प्राध्यापक, नोकरीचा पहिला अर्ज, अशा ठिकाणी हेच वापरा.

"आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू." यात जरा जास्त ऊब आहे. भेट ठरलेली आहे, दोन-तीन ईमेल झालेत, तेव्हा हे छान वाटतं.

"लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू." यात कर्ताच नाही, म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर हे पूर्ण वाक्य नाही. ओळखीच्या सहकाऱ्याला रोजच्या ईमेलमध्ये चालतं. अर्जात टाळा.

चूक होते ती या तिघांची खिचडी झाल्यावर. "आय लुकिंग फॉरवर्ड" यात 'अ‍ॅम' राहिलं. "आय अ‍ॅम लुक फॉरवर्ड" यात 'इंग' राहिलं. वाक्यात 'आय' असेल तर 'अ‍ॅम' आणि 'इंग' एक तर दोघं मिळून येतात, नाहीतर दोघंही येत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि पुढच्या क्रियापदाच्या 'इंग'चा या 'इंग'शी काही संबंध नाही. पुष्कळांना वाटतं की 'लुकिंग'मध्ये एकदा 'इंग' आलं, मग 'हिअर'ला पुन्हा कशाला? 'लुकिंग'मधलं 'इंग' काळ दाखवतं, 'हिअरिंग'मधलं नाम करतं. म्हणून 'आय लुक' लिहिलं तरी पुढे 'हिअरिंग'च राहतं.

भूतकाळात हा शब्दप्रयोग हळहळ सांगायला फार उपयोगी पडतो. "आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू, बट माय ट्रेन वॉज कॅन्सल्ड." भेटीची ओढ होती, पण जमलं नाही, हे दोन्ही एका ओळीत येतं. नकारातही चालतो: "आय अ‍ॅम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द एक्झाम", म्हणजे परीक्षा नको वाटतेय.

येणार कोण, ते वाक्यातून कळू द्या

मालवण-तारकर्लीकडे घरच्याच खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या एका ताईंनी मला त्यांचा ठरलेला मजकूर दाखवला होता. बुकिंग झालं की तो पाहुण्यांना जायचा. शेवटी होतं, "वी लुक फॉरवर्ड टू विजिटिंग अवर होमस्टे." त्यांनी आयएनजी अगदी बरोबर लावलं होतं. पण अर्थ उलटा झाला: आमच्याच घरी जायला आम्ही उत्सुक आहोत.

नियम असा की वेगळं काही सांगितलं नसेल तर आयएनजीवाली क्रिया वाक्याच्या कर्त्याचीच धरली जाते. "वी लुक फॉरवर्ड टू विजिटिंग मालवण" म्हणजे मालवणला आम्हीच येणार. येणारा दुसरा कुणी असेल तर त्याला वाक्यात आणावं लागतं: "वी लुक फॉरवर्ड टू युअर विजिटिंग अस." रोजच्या लिखाणात 'युअर'च्या जागी 'यू'ही चालतं, 'युअर' जास्त औपचारिक. मराठीतही 'येण्याकडे डोळे लागलेत' एवढंच म्हटलं तर कुणाच्या येण्याकडे ते कळत नाही, 'तुझ्या' लागतंच.

ताईंसाठी मी दोन ओळी सुचवल्या. "वी लुक फॉरवर्ड टू वेलकमिंग यू." स्वागत आम्हीच करणार, म्हणून कर्ता जुळला. आणि दुसरी, "वी लुक फॉरवर्ड टू युअर स्टे विथ अस." त्यांनी दुसरी निवडली, आणि मलाही तीच आवडते. नाम थेट वापरलं की आयएनजीचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या वाक्यात सोपं नाम मिळत असेल तर ते खुशाल घ्या: युअर रिप्लाय, युअर विजिट, द इंटरव्ह्यू, अवर कॉल ऑन मंडे.

हिअरिंग यू, हिअरिंग फ्रॉम यू

घाईत 'फ्रॉम' सुटतो आणि अर्थ पार बदलतो. 'हिअर फ्रॉम' म्हणजे एखाद्याकडून पत्र, फोन, निरोप येणं. नुसतं 'हिअर' म्हणजे कानाने ऐकणं. पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव होतो. तिथे गाणाऱ्या कलावंताला "आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग यू" असं लिहिणं अगदी योग्य आहे, तुमचं गाणं ऐकायला मी आतुर आहे. कंपनीच्या मॅनेजरला लिहायचं ते "हिअरिंग फ्रॉम यू". आणि 'हिअरिंग अबाउट यू' म्हणजे तुमच्याविषयी दुसऱ्याकडून ऐकणं, ते अर्जाच्या शेवटी नक्कीच नको.

'लिसनिंग फ्रॉम यू' असं काही नसतं, तेवढं टाळा.

कुठे लिहू नये

शोकसंदेशात नाही. रजेच्या अर्जातही सहसा गरज नसते, तिथे मंजुरीची विनंती केली की पुरे. तक्रारीच्या पत्रात या शब्दांतला आनंद विचित्र वाटतो, त्यापेक्षा काय हवंय आणि कधीपर्यंत हवंय ते सांगा.

हा तारखेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. एखाद्या गोष्टीला मुदत असेल तर 'लुक फॉरवर्ड'च्या मागे ती लपवू नका. "प्लीज लेट मी नो बाय फ्रायडे" असं सरळ लिहा. शुक्रवारनंतर जागा जाणार असेल आणि तुम्ही फक्त गोड ओळ लिहून थांबलात, तर समोरच्याला घाई कळणार कशी?

'पॉझिटिव्ह रिप्लाय' आणि 'फेवरेबल रिप्लाय' यांबद्दलही माझं मत सांगते. "लुकिंग फॉरवर्ड टू युअर पॉझिटिव्ह रिप्लाय" यात व्याकरणाची चूक नाही. पण होकारच द्या, असं आपण आधीच सांगून बसतो. नुसतं 'युअर रिप्लाय' जास्त शोभतं.

पूर्णविराम, आणि 'थँकिंग यू'चं काय झालं

शाळेत आपण पत्राच्या शेवटी 'थँकिंग यू,' असं स्वल्पविराम देऊन लिहायला शिकलो, आणि खाली 'युअर्स फेथफुली'. त्याच चालीवर लोक 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू,' असा स्वल्पविराम देतात.

हा स्वल्पविराम जुन्या इंग्रजी पत्रांमधून आला आहे. त्या काळी शेवट एका लांब वाक्यात व्हायचा: "थँकिंग यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली", म्हणजे आपले आभार मानून मी आपला विश्वासू राहतो. त्या वाक्यात 'आय रिमेन' हे मुख्य क्रियापद होतं आणि 'थँकिंग यू' त्याला टेकलेलं होतं. पुढे 'आय रिमेन' गळून पडलं आणि 'थँकिंग यू' मागे एकटंच लोंबकळत राहिलं. आपल्या शाळांनी ते तसंच जपलं.

आज लिहिताना पूर्ण वाक्य लिहा आणि पूर्णविराम द्या. "थँक यू फॉर युअर टाइम." पूर्णविराम. "आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू." पूर्णविराम. मग नवी ओळ घेऊन 'युअर्स फेथफुली' आणि स्वल्पविराम. ब्रिटिश पद्धतीत सुरुवात 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' अशी असेल तर 'फेथफुली', आणि नाव घेऊन असेल तर 'सिन्सिअरली'. ईमेलमध्ये 'रिगार्ड्स'ही सर्रास चालतं. 'युअर्स' लिहिताना एसच्या आधी तो वरचा टिंब, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, कधीही नाही.

याच कुळातले आणखी काही 'टू'

त्या मुलीने शेवटची ओळ दुरुस्त केली आणि मग वरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, इथे 'आय अ‍ॅम यूज्ड टू वर्क इन शिफ्ट्स' लिहिलंय. हेही चुकलं ना?"

चुकलंच होतं, आणि ते तिचं तिला दिसलं. 'यूज्ड टू' दोन प्रकारचा आहे. "आय यूज्ड टू वर्क इन शिफ्ट्स" म्हणजे मी पूर्वी शिफ्टमध्ये काम करायचे, आता करत नाही. हा 'टू' क्रियापदाचा. "आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग इन शिफ्ट्स" म्हणजे शिफ्टमध्ये काम करण्याची मला सवय आहे. इथे 'अ‍ॅम' आलं की 'टू' नामाचा होतो. तपासून बघा: "आय अ‍ॅम यूज्ड टू द नॉइज", मला त्या आवाजाची सवय आहे. नाम बसलं.

'ऑब्जेक्ट टू'ही तसाच: "दे ऑब्जेक्टेड टू पेइंग एक्स्ट्रा", जास्त पैसे देण्याला त्यांनी हरकत घेतली. 'इन अ‍ॅडिशन टू टीचिंग' म्हणजे शिकवण्याखेरीज. 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूविंग' म्हणजे सुधारण्याच्या दृष्टीने. 'कमिटेड टू हेल्पिंग', 'प्रायर टू जॉइनिंग', 'अ‍ॅकस्टम्ड टू लिव्हिंग अलोन' हेही याच घरातले. प्रत्येकाच्या मराठी अर्थात ते 'ण्या' डोकावतं की नाही बघा: देण्याला, शिकवण्याखेरीज, सुधारण्याच्या, रुजू होण्यापूर्वी, एकटं राहण्याची. यांची यादी घोकत बसू नका. एखादा वाचनात आला की वहीत त्याचं पूर्ण वाक्य उतरवून ठेवा, सुटा शब्द नको.

आता वही घ्या

खालची पाच वाक्यं इंग्रजीत लिहा, उत्तरं त्यानंतर आहेत.

आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायला मी उत्सुक आहे. तुमच्या भेटीची आम्ही आतुरतेने वाट पाहतोय. मला लवकर उठायची सवय आहे. तुम्ही कार्यशाळेला येताय याचा आनंद आहे, तुमच्या येण्याकडे डोळे लागलेत. दिवाळीत तुम्हा सगळ्यांना भेटता येईल अशी आशा आहे.

पहिलं: "आय लुक फॉरवर्ड टू वर्किंग अंडर युअर गाइडन्स." दुसऱ्यात थेट नाम घेता येतं: "वी आर लुकिंग फॉरवर्ड टू युअर विजिट." तिसरं: "आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली", टी दोनदा. चौथ्यात येणारे ते आहेत, वाट पाहणारे आपण, म्हणून: "आय अ‍ॅम ग्लॅड यू आर कमिंग टू द वर्कशॉप. वी लुक फॉरवर्ड टू युअर जॉइनिंग अस." पाचव्यात आशा आहे, म्हणजे 'होप', आणि तिथे शाळेतला नियम पुन्हा लागू: "आय होप टू सी यू ऑल अ‍ॅट दिवाळी." इथे 'सीइंग' लिहिलंत तर 'द मीटिंग' ठेवून एकदा तपासून बघा.